हाय-लो ओमाहा: अर्ध्या वाटणीच्या डावाचा खरा हिशेब



जून-जुलैची 61 दिवसांची मासेमारी बंदी असो की चतुर्थीची रात्र, आपल्याकडे पत्ते निघतातच. रमी, तीन पत्ती, मेंढीकोट सगळ्यांना येतं. हल्ली पोरांच्या मोबाईलवर आणखी एक नाव दिसतं, ओमाहा हाय-लो. हा पोकरचाच प्रकार, पण यात मध्ये जमलेल्या रकमेची, म्हणजे पॉटची, दोन भागांत वाटणी होते. खाली कारवारच्या बंदरावरची मंडळी असोत की वर जोयड्यात नंदिगड्ड्याकडची, बरेच जण विचारतात की हा डाव नेमका कसा असतो. म्हणून आज हा धडा. चिंचोके घेऊन बसा. पैसे का नकोत, ते पुढे हिशेबातूनच कळेल.

*वाटणी कशी?*

रापणीची वाटणी आपल्याला ठाऊक आहे. होडीचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचे वाटे वेगळे. हाय-लोमध्येही दोन वाटे आहेत. अर्धा पॉट सगळ्यात मोठ्या हाताला, म्हणजे "हाय"ला. उरलेला अर्धा सगळ्यात लहान हाताला, म्हणजे "लो"ला. लहान हात कुणाचाच लागला नाही, तर मोठा हातवाला सगळा पॉट नेतो.

*डाव कसा चालतो?*

1. प्रत्येकाला चार पत्ते, पालथे. ते फक्त त्यानेच बघायचे.
2. मग मध्ये तीन पत्ते उघडे, नंतर चौथा, नंतर पाचवा. हे पाच सगळ्यांचे.
3. पत्ते वाटल्यावर एकदा आणि मधले पत्ते उघडताना तीनदा, अशा चार फेऱ्यांत पैज लागते. पैज वाढवा, बरोबरी करा किंवा पत्ते टाकून बाहेर पडा. घरच्या डावात सुरुवातीला सगळ्यांनी एक-एक चिंचोका टाकला तरी चालतं.
4. शेवटी पाच पत्त्यांचा हात लावायचा. हातातले दोनच, मधले तीनच. कमी नाही, जास्त नाही. नवे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

मोठ्या हाताचा क्रम नेहमीच्या पोकरचाच. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सलग पाच, एका रंगाची पाच, तीन आणि दोन सारखी, चार सारखी, आणि सगळ्यात वर एकाच रंगाची सलग पाच.

लहान हाताला अट आहे. पाचही पत्ते वेगवेगळे आणि अठ्ठीपर्यंतचेच हवेत. इथे एक्का सगळ्यात लहान धरतात. सलग आले किंवा एका रंगाचे आले तरी लहान हात बिघडत नाही. दोन लहान हातांची तुलना वरच्या पत्त्यापासून करायची. म्हणजे 6-5-4-3-2 हा हात 7-4-3-2-एक्का या हातापेक्षा चांगला, कारण सत्तीपेक्षा छक्की लहान. सगळ्यात उत्तम हात एक्का-2-3-4-5.

हाय लावताना आणि लो लावताना हातातले वेगवेगळे दोन पत्ते घेता येतात. एकच माणूस दोन्ही वाटेही नेऊ शकतो.

*एक डाव मांडून बघू*

मधले पत्ते: इस्पिक राजा, बदाम सत्ती, चौकट चव्वी, किलवर तिर्री, बदाम दश्शी.

पहिला: चौकट एक्का, चौकट दुर्री, किलवर राणी, इस्पिक गुलाम.
दुसरा: चौकट राजा, किलवर राजा, इस्पिक नव्वी, किलवर अठ्ठी.
तिसरा: किलवर एक्का, इस्पिक दुर्री, चौकट नव्वी, बदाम गुलाम.

पहिल्याला वाटेल, एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी सलग लागली. नाही लागली. त्यासाठी हातातले तीन पत्ते घ्यावे लागतात, आणि नियम दोनचा आहे. त्याच्याकडे मोठं काही नाही. पण लहान हात आहे: एक्का-2-3-4-7.

दुसऱ्याकडे तीन राजे. हाय त्याचा. लहान हात त्याला लावता येत नाही, कारण हातात अठ्ठीपर्यंतचा एकच पत्ता आहे.

तिसऱ्याचा लहान हात अगदी पहिल्यासारखाच: एक्का-2-3-4-7.

आता वाटणी. तिघांनी प्रत्येकी 40 चिंचोके घातले, पॉट 120. राजेवाल्याला 60. उरलेले 60 पहिला आणि तिसरा वाटून घेणार, म्हणजे 30-30.

बघा, पहिल्याचा लहान हात या डावात लागू शकेल असा सगळ्यात चांगला होता. तो "जिंकला". पण 40 घालून 30 परत आले, 10 गेले. प्रत्येकाने 100 घातले असते तर त्याला 75 मिळाले असते, 25 गेले असते. पैज जितकी वाढवली तितका तोटा वाढला. या खेळाचा मुख्य धडा हाच. जिंकलो की नाही हे शेवटी विचारायचं. आधी विचारायचं, किती घातले आणि किती परत आले. ट्रिपचा हिशेब करताना आपण डिझेल, बर्फ, रेशन आधी वजा करतो ना, तसंच.

*मग खेळायचं कोणत्या पत्त्यांवर?*

52 पत्त्यांत एक्का ते अठ्ठी मिळून 32, नव्वी ते राजा 20. लहान हातासाठी मध्ये अठ्ठीपर्यंतचे निदान तीन वेगळे पत्ते यावेच लागतात. ते आले नाहीत तर नुसत्या लहान पत्त्यांवर बसलेला रिकामा उठतो.

• दोन्हीकडे चालणारे पत्ते चांगले. दोन एक्के, दुर्री, तिर्री, आणि एक्क्यांच्या रंगाचा जोड असेल तर उत्तम.
• एक्का-दुर्रीबरोबर तिर्री असावी. मध्ये दुर्री आली तर हातातली दुर्री लहान हातात वाया जाते. मग एक्का-तिर्री उपयोगी पडते.
• 7-8-9-10 असे मधले पत्ते फसवतात. हायला छोटे पडतात, लोला मोठे.
• एक्का-दुर्री दिसली म्हणून पैज वाढवत सुटू नका. समोरच्याकडेही तीच असू शकते.

*चिंचोकेच का?*

घरच्या डावात एकाचे गेले ते दुसऱ्याकडे आले. जिथे जागेवाला कट घेतो, तिथे तसं नसतं. समजा दोघांनी 50-50 रुपये घातले आणि पॉट अर्धा-अर्धा वाटला. 100 मागे 5 रुपये कट गेला तर दोघांना साडेसत्तेचाळीस मिळणार. दोघांनीही वाटा घेतला आणि दोघांचेही अडीच-अडीच रुपये गेले. वाटणीच्या खेळात असे डाव वारंवार येतात.

पणजीत मांडवीवर तरंगते कॅसिनो आहेत. तिथे खुद्द गोव्याच्या रहिवाशांना खेळायच्या जागेत जायला सरकारने 2020 पासून मनाई केली आहे. यातून काय समजायचं ते समजा. मोबाईलचं म्हणाल, तर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, नशिबाचे असोत की कौशल्याचे. अशा व्यवहारात पैसे पाठवायला बँकांनाही मनाई आहे. तरी कुणी लिंक पाठवून "पैसे भर, दुप्पट होतील" म्हणाला, तर भरू नका. घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. बंदीच्या दिवसांत होडीची कमाई थांबलेली असते, आणि जाळं-इंजिनासाठी ठेवलेले पैसे असेच जातात.

*घरचा अभ्यास*

मध्ये: बदाम एक्का, किलवर पंजी, इस्पिक अठ्ठी, चौकट राणी, इस्पिक पंजी.
हातात: किलवर दुर्री, चौकट तिर्री, बदाम राणी, किलवर राणी.

या माणसाचा हाय कोणता, लो कोणता? मध्ये पंजी दोनदा आलीय, तिकडे लक्ष ठेवा. घरी पत्ते मांडून बघा आणि उत्तर खाली लिहा.