चांदीच्या पाठीवरचे शिक्के

सगळ्यांत आधी हे ऐक, बाळ: सासरच्या चांदीची पेटी घरी आल्या आल्या पॉलिशची बाटली काढू नकोस. चमचे काळे पडले असतील, पडू देत. शिक्क्याच्या रेघांमध्ये बसलेला तो काळेपणाच शिक्का वाचायला मदत करतो. शिवाय प्रत्येक घासणीबरोबर चांदीचा बारीकसा थर निघून जातो. शंभर वर्षं दर नाताळाला मन लावून घासलेल्या चमच्यांवर शिक्क्याच्या जागी नुसती खळगी उरलेली मी पाहिली आहे. आधी वाचायचं, मग उतरवून घ्यायचं आणि त्यानंतर वाटलंच तर मऊ कापडाने पुसायचं. माझ्या सासूबाईंनी कोपनहेगनच्या घरात मला हाच क्रम शिकवला होता. त्यांना तो त्यांच्या वडिलांनी शिकवला होता. तुझे आजेसासरे स्वीडिश आणि आजेसासूबाई डॅनिश, तेव्हा पेटीत दोन्हीकडची चांदी असणार. नॉर्वेचे काही नग निघाले तरी नवल नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घे, घड्याळजी वापरतात तसलं. दिवा डोक्यावर नको, बाजूला ठेव, म्हणजे उजेड तिरका पडून शिक्क्याच्या कडांची सावली दिसेल. तरीही शिक्का पुसट वाटला तर त्यावर हलकेच श्वास सोड. वाफ बसते आणि उडते, तेवढ्या क्षणात अक्षर उमटून दिसतं. चमच्या-काट्यांचे शिक्के दांड्याच्या मागच्या बाजूला असतात, कॉफीच्या किटलीचे बुडाला. किटलीचं झाकण मात्र वेगळं तपास. झाकण एका किटलीचं आणि बूड दुसरीचं, असं जुन्या घरांत पुष्कळदा झालेलं असतं.

आता कोरलेलं आणि ठोकलेलं यांतला फरक ओळखायला शीक. नवशिक्यांचा सगळा गोंधळ इथेच होतो. दांड्याच्या टोकाला वळणदार अक्षरं कोरलेली दिसली की लोक ती कारागिराची समजतात. ती मालकाची असतात, लग्नात किंवा बारशाला घातलेली. कारागिराची खूण पोलादी ठशाने एका घावात ठोकलेली असते. तिच्याभोवती बहुधा चौकटीचा किंवा लंबगोलाचा काठ दिसतो. अर्थात मालकाची अक्षरंही फुकट जात नाहीत. जुन्या चमच्यावर तीन अक्षरं असतील आणि शेवटचं ‘डी’ असेल, तर ते बहुधा ‘दात्तर’चं, म्हणजे अमक्याची मुलगी. पहिलं अक्षर तिचं, दुसरं तिच्या वडिलांचं. शेवटचं ‘एस’ असेल तर मुलगा. आडनावं पक्की होण्याआधीच्या काळातली ही रीत आहे. तुझ्या सासरच्या वंशावळीशी ती अक्षरं ताडून पाहा. चमचा कोणत्या पणजीचा, ते कित्येकदा एवढ्यावरून कळतं.

ठोकलेल्या खुणांमध्ये आकडा सोपा, म्हणून आधी तो घे. आकडा म्हणजे टंच, हजारात चांदी किती ते. नॉर्वेत १८९१च्या कायद्याने ८३० ठरले, म्हणून तिकडच्या नगांवर ‘८३० एस’ दिसतं, पुढच्या काळातल्यांवर ‘९२५ एस’. डेन्मार्कमध्ये जुनं प्रमाण ८२६चं. आकड्यापुढे ‘एस’ऐवजी ‘एच’ असेल, ‘८१३ एच’ किंवा ‘८३० एच’, तर नग फिनलंडचा. मुकुट बदामात बसवलेला दिसला की तो फिनलंडमध्येच घडला, हेही पक्कं. ‘८००’च्या शेजारी चंद्रकोर आणि मुकुट असेल तर तो जर्मन माल, १८८८ नंतरचा. चांगला असेल, पण आपल्या यादीत तो वेगळ्या पानावर.

नुसत्या आकड्यावर मात्र कधीच विश्वास ठेवू नकोस. एकटी खूण साक्षीला पुरत नाही, चार खुणा एकमेकींना दुजोरा देतात तेव्हाच खात्री धरायची. टंच, शहर किंवा सरकार, वर्ष आणि कारागीर. हे चौघं एकाच देशाचे आणि एकाच काळाचे निघाले पाहिजेत.

डॅनिश चांदीत हे फार सुंदर जुळून येतं. कोपनहेगनची खूण म्हणजे तीन मनोरे, १६०८ पासूनची. मनोऱ्यांच्या खाली वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. समज, २८ दिसले. १८२८ की १९२८? याचं उत्तर शेजारच्या दुसऱ्या शिक्क्यात मिळतं. तो चांदी तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा असतो. सी, एफ, एच ही अक्षरं असतील तर तो क्रिस्तियान एफ. हाइसे. तो १९०४ ते १९३२ या काळात त्या जागेवर होता, म्हणून नग १९२८चा. जे आणि एस गुंफलेले असतील तर योहानेस सिगार्ड, १९३२ ते १९६०. हाइसेच्या आधी सिमॉन ग्रोत, त्याची खूण एस, जी. एवढी तीन नावं पाठ कर. घरांत सापडणारी बहुतेक डॅनिश चांदी या तिघांच्या हाताखालून गेलेली असते.

१८९३च्या आधीच्या कोपनहेगनच्या चांदीवर आणखी एक खूण असते, ती बघून तुला आनंद होईल. राशीचं चिन्ह! मेष, वृषभ, मिथुन, आपल्याच बारा राशी. कोणत्या महिन्यात नग तपासला ते त्यावरून कळतं. मनोरे, वर्ष, तपासनीस, रास आणि कारागीर असे पाचही एकत्र स्पष्ट दिसले तर तो नग कुणाला देऊ नकोस. चांदीच्या वस्तूचा जन्ममहिनासुद्धा सांगता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

मनोरे नसले तरी निराश होऊ नकोस. गावोगावच्या जुन्या सोनारांच्या कामावर पुष्कळदा एकट्या सोनाराचीच खूण असते. विसाव्या शतकात परदेशी पाठवायच्या मालावर ‘स्टर्लिंग’, ‘डेन्मार्क’, ‘९२५ एस’ असे शब्द ठोकलेले असतात. आणि मनोरे दिसले म्हणून हुरळूनही जाऊ नकोस, हॅम्बुर्गच्या शहरचिन्हातही तीन मनोरे आहेत. म्हणून तर चौघांची साक्ष घ्यायची.

स्वीडिश चांदीचं वर्ष काढणं त्याहून सोपं. आधी तीन मुकुट शोध, तीन पाकळ्यांच्या काठात बसवलेले. ही खूण सरकारची, १७५२ पासूनची. त्या आकारावरून स्वीडिश लोक तिला मांजराचा पंजा म्हणतात. मुकुट लंबगोलात असतील तर नग बाहेरून आयात केलेला. १९१२ पासून पंज्याशेजारी षटकोनात ‘एस’ असतो. मुकुटधारी माणसाचं डोकं दिसलं तर ते संत एरिकचं, म्हणजे काम स्टॉकहोमचं. मग एक अक्षर आणि एक आकडा येतो, ते वर्ष. ही मोजणी १७५९ला ‘ए’पासून सुरू झाली. जे आणि डब्ल्यू सोडून चोवीस अक्षरं आहेत, म्हणून दर चोवीस वर्षांनी पुन्हा ‘ए’ येतो आणि आकडा एकाने वाढतो. ‘ए ७’ म्हणजे १९०३, ‘ए ८’ म्हणजे १९२७, ‘ए ९’ म्हणजे १९५१. आता तूच काढ: ‘के ९’ कोणतं? ए ५१, बी ५२, असं बोटांवर मोजत गेलीस की १९६० येईल. ‘टी ८’ म्हणजे १९४५. कागदावर एकदा तक्ता मांडून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेव.

नॉर्वेच्या चांदीवर वर्ष बहुधा नसतं, तिथे कारागिरावरून काळ ठरवावा लागतो. तराजू आणि ‘डी, ए’ ही अक्षरं म्हणजे डाविद-आन्देर्सन, १८७६ साली सुरू झालेली पेढी. ‘एम’ अक्षरातून हातोडा आरपार गेलेला असेल तर बेर्गनचा मारिउस हामर. कुठे ‘क्रिस्तियानिया’ असं गावाचं नाव दिसलं तर नग १९२५च्या आधीचा, कारण त्या वर्षी शहराचं नाव पुन्हा ऑस्लो झालं.

आता मुलाम्याबद्दल. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून नीट ऐक. ‘न्यूसिल्वर’, ‘अल्पाका’, ‘ए. एल. पी.’, ‘एन. एस.’, ‘ई. पी. एन. एस.’ यांपैकी काहीही दिसलं तर आतला धातू तांबं, निकेल आणि जस्त यांचा, आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तो. चांदी असलीच तर वरवरची. ‘४० जीआर’ किंवा नुसतं ‘९०’ असा आकडा टंचाचा नसतो, मुलाम्याला किती ग्रॅम चांदी लागली त्याचा असतो. टंचाचा आकडा तीन अंकी असतो, हे लक्षात ठेव. आणि कारागिराच्या नावाने मुळीच भुलू नकोस. स्टॉकहोमची ‘जी. ए. बी.’ ही १८६७ची मोठी कंपनी, तिने खरी चांदीही केली, मुलाम्याचा मालही केला, जस्ताळ दिसणारं कथील आणि कांसंही केलं. चारही मालांवर तीच तीन अक्षरं. निकाल मांजराचा पंजा देतो. लोहचुंबकाने परीक्षा करतात तीही अपुरी आहे. चुंबकाला चिकटलं तर पोलाद, एवढंच त्यातून कळतं. जर्मन सिल्व्हर चिकटत नाही आणि चांदीही चिकटत नाही.

सुऱ्या वेगळ्या काढ. पात्यावर ‘रुस्टफ्री’ किंवा ‘रोस्टफ्री’ लिहिलेलं असतं, म्हणजे न गंजणारं पोलाद. ती खूण पातं करणाऱ्याची. मुठीची खूण मुठीवर शोधायची. मूठ आतून पोकळ असते आणि राळेसारख्या पदार्थाने भरलेली असते, म्हणून सुऱ्यांचं वजन चांदीच्या हिशेबात धरू नये आणि त्या गरम पाण्यात बुडवून ठेवू नयेत. पात्यावर ‘रादवाद’ असं नाव दिसलं तर थोडं थांब. त्याच गावात १८६६ साली गेओर्ग येन्सन जन्मला. त्याचे वडील तिथल्या सुऱ्यांच्या कारखान्यात धार लावायचं काम करायचे. त्या धार लावणाऱ्याच्या मुलाने १९०४ मध्ये कोपनहेगनला छोटं दुकान काढलं आणि डॅनिश चांदीचं नाव जगभर नेलं. त्याच्या पेढीचं पूर्ण नाव ठिपक्यांच्या लंबगोलात असेल तर नग १९४५ नंतरचा. जुन्या खुणा निराळ्या आहेत, म्हणून नाव दिसलं की आधी काठाचा आकार टिपून घे. दांड्यावर एकॉर्न, म्हणजे ओकचं फळ असलेले चमचे निघाले तर ती योहान रोडेची १९१५ची घडण. आणि रंगीत मीना केलेले, सोन्याचं पाणी दिलेले, प्रत्येकावर वेगळं साल असलेले चमचे निघाले तर ते मिकेल्सन पेढीचे नाताळचे चमचे, १९१० पासूनचे. त्यांना रसायनाच्या पाण्यात कधीही बुडवू नकोस, मीना जातो.

पुण्याला येताना दोन-चार नग पिशवीत टाकून सराफाला दाखवावेत, असं तुझ्या मनात येईल. दाखव, पण तो कसोटीवर घासू लागला किंवा ॲसिडचा थेंब टाकू लागला तर हात धर. तो टंच विचारेल, ८३० ऐकून मान हलवेल आणि मोडीचा भाव सांगेल. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे, तो वजन बघतो. पण मनोरे, साल आणि कारागीर असलेल्या नगाची किंमत वजनावर ठरत नाही. ती ठरवायची असेल तर कोपनहेगन किंवा स्टॉकहोमच्या लिलावघराला फोटो पाठव. डॅनिश खुणांसाठी क्र. आ. बोये यांचा जाडजूड ग्रंथ तिथल्या ग्रंथालयांत मिळतो, त्यात १८७० पूर्वीचे कारागीर आहेत. वितळवायला मात्र काहीही देऊ नकोस, मुलाम्याचा चमचासुद्धा. त्या चमच्यानेही घरातलं कुणीतरी साठ वर्षं साखर ढवळली आहे.

शेवटी, प्रत्येक नगासाठी एक कार्ड कर. खूण शब्दांत लिहू नकोस, जशी दिसते तशी काढ, काठासकट. खाली कोरलेली अक्षरं आणि नग कुणाकडून आला ते लिही. यातलं शेवटचं कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही, ते फक्त तुझ्या सासूबाईंना माहीत आहे. त्यांचं वय झालंय. या रविवारी कॉफीला जाशील तेव्हा पेटी बरोबर ने, एकेक चमचा त्यांच्या हातात दे, त्या काय सांगतात ते तिथेच लिहून घे.