अनेकवचनाचे लेखन आणि एक टिंब

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठीस राज्याच्या राजभाषेचे स्थान प्राप्त झाले. तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या नोटिशीपासून मंत्रालयातील परिपत्रकापर्यंत असंख्य कागद मराठीत लिहिले गेले आहेत. या लेखनात पारिभाषिक शब्दांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या चुकीमुळे वाचणाऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते, ती चूक बहुधा एखाद्या अवघड शब्दाची नसते. ती असते अनेकवचनाची.

समजा, एखाद्या कार्यालयाने अर्जाच्या नमुन्यावर ‘अर्जासोबत सहहिस्सेदाराची संमती जोडावी’ असे छापले. शेतात पाच भावंडांचा हिस्सा असलेला अर्जदार एका भावाची सही घेऊन येईल, आणि त्याचा अर्ज अपुरा ठरून परत जाईल. कार्यालयास अभिप्रेत होते ‘सहहिस्सेदारांची संमती’. दोहोंत फरक एका टिंबाचा. पण त्या टिंबापायी तालुक्याच्या गावी दुसरी खेप, एस. टी. चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. कायद्याच्या भाषेला याबाबत एक आधार आहे. केंद्राच्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातील कलम १३ प्रमाणे, विषय वा संदर्भ विरुद्ध नसेल तर एकवचनी शब्दात अनेकवचनाचा आणि अनेकवचनी शब्दात एकवचनाचा समावेश होतो. परंतु अर्जाचा नमुना वाचणारा शेतकरी हे कलम जवळ बाळगून वाचत नाही. तो लिहिले आहे तसे वाचतो.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या अठरा नियमांनी जुन्या लेखनातील अनुस्वारांचे मोठे ओझे उतरविले. पूर्वी ‘घरें’, ‘फळें’, ‘केळीं’ असे लिहिण्याचा प्रघात होता. उच्चारात न राहिलेले किंवा केवळ व्युत्पत्तीसाठी दिलेले हे अनुस्वार गेले. मात्र एक अनुस्वार नियमकर्त्यांनी जाणीवपूर्वक राखला. नामाच्या वा सर्वनामाच्या अनेकवचनी सामान्यरूपाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडताना तो द्यावा, असा नियम आहे : लोकांना, घरांपुढे, गावांसाठी. हा अनुस्वार राखण्याचे कारण उघड आहे. तो अर्थ सांगतो. अडचण अशी की, प्रमाण बोलीत त्याचा उच्चार फारसा होत नाही. ‘गावात’ आणि ‘गावांत’ बहुतेकांच्या तोंडी एकसारखेच उमटतात. त्यामुळे मजकूर सांगून लिहून घेतला, तर लिहिणाऱ्याच्या कानाला कोणतीच मदत मिळत नाही. संख्येचा विचार त्याने स्वतःच करावयाचा असतो.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. सर्वच ठिकाणी हा अनुस्वार सारखा निर्णायक नसतो. तृतीयेत एकवचनी प्रत्यय ‘ने’ आणि अनेकवचनी ‘नी’. द्वितीया-चतुर्थीत एकवचनी ‘ला’ आणि अनेकवचनी ‘ना’. म्हणून ‘शिक्षकानी’, ‘शिक्षकाना’ असे अनुस्वारावाचून लिहिले गेले तर ते अशुद्ध ठरते, पण वाचणारा फसत नाही. प्रत्ययच त्याला संख्या सांगतो. खरा धोका आहे तो ‘चा-ची-चे’, ‘स’ आणि ‘त’ या प्रत्ययांपुढे, तसेच ‘साठी’, ‘कडून’, ‘मध्ये’, ‘वर’ यांसारख्या शब्दयोगी अव्ययांपुढे. ‘शिक्षकाकडून’ व ‘शिक्षकांकडून’ यांत टिंबाखेरीज काहीच वेगळे नाही. मागचे विशेषणही साहाय्यास येत नाही, कारण ‘मोठ्या गावात’ आणि ‘मोठ्या गावांत’ यांतील ‘मोठ्या’ तोच राहतो. मसुदा तपासताना वेळ थोडा असेल, तर निदान ही स्थाने आधी पाहावीत.

स्त्रीलिंगी नामांची गोष्ट निराळी आहे. ‘शाळा’ या शब्दाचे ‘शाळेत’ व ‘शाळांत’, ‘नदी’चे ‘नदीचे’ व ‘नद्यांचे’ असे होते. येथे स्वर वा व्यंजनच बदलत असल्याने घोटाळा संभवत नाही. परंतु ज्यांचे अनेकवचन ईकारान्त होते अशा ‘विहीर’, ‘जमीन’, ‘भिंत’ यांसारख्या शब्दांत सारा भार पुन्हा टिंबावर येतो. ‘विहिरीत औषध टाकण्यात यावे’ आणि ‘विहिरींत औषध टाकण्यात यावे’. ‘जमिनीची मोजणी’ आणि ‘जमिनींची मोजणी’. त्यातही वेलांटीच्या माथ्यावरचे हे टिंब जागेअभावी आक्रसलेले असते. सायक्लोस्टाईलच्या काळी ते पुसट उमटे, आणि आज संगणकाच्या लहान टंकातही ते नजरेतून निसटते. अशा शब्दांच्या बाबतीत ‘सर्व’, ‘दोन्ही’ किंवा नेमकी संख्या लिहिणे अधिक सुरक्षित होय.

आदरार्थी बहुवचनाने आणखी एक पेच निर्माण केला आहे. नियमाप्रमाणे आदरार्थी बहुवचनातही अनुस्वार द्यावयाचा असतो : राज्यपालांचा, मुख्यमंत्र्यांचे. म्हणजे ‘सरपंचांनी ध्वजारोहण केले’ यात सरपंच एक, आणि ‘सरपंचांनी बैठकीस उपस्थित राहावे’ यात तालुक्यातील सगळे. येथे लेखन शुद्ध असूनही अर्थ संदिग्ध राहतो, व शुद्धलेखनाचा कोणताही नियम त्यावर उपाय देत नाही. ‘गावच्या सरपंचांनी’, ‘तालुक्यातील सर्व सरपंचांनी’ असा एखादा शब्द वाढविणे हाच मार्ग. (याच नियमानुसार ‘तुम्हांला’ असे लिहावयास हवे, पण व्यवहारात ‘तुम्हाला’ इतके रूढ झाले आहे की, त्या टिंबासाठी कोणी अडून बसावे असे वाटत नाही. तेथे अर्थ बिघडत नाही.)

अनेकवचन होताना शब्दाचे अंगही बदलते. शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल तर मराठी शब्दांत ते ऱ्हस्व होते : फूल-फुले, वीट-विटा, बहीण-बहिणी, तिकीट-तिकिटे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा बदल स्वीकारीत नाहीत. ‘शरीर’चे ‘शरीरे’, ‘गीत’चे ‘गीते’. काही शब्दांत ‘ऊ’ नाहीसा होतो : लाकूड-लाकडे, माणूस-माणसे. हिशेबाच्या कागदांवर नेहमी चुकणारे दोन शब्द म्हणजे ‘रक्कम’ आणि ‘किंमत’. त्यांची अनेकवचने ‘रकमा’ व ‘किमती’ अशी आहेत. पहिल्यातील जोडाक्षर आणि दुसऱ्यातील अनुस्वार दोन्ही गळतात. ‘शेतकरी’, ‘अधिकारी’ यांच्या सामान्यरूपात ‘ऱ्य’ लिहावयाचा, ‘र्य’ नव्हे. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र; आचाऱ्यांना शिधा द्यावयाचा असताना तो आचार्यांना दिला जाऊ नये, एवढी काळजी लेखनिकाने घ्यावी.

इंग्रजीतून आलेले शब्द बहुतांशी मराठीच्या घरात रुळले आहेत. बँका, कंपन्या, सोसायट्या, मोटारी, पेन्सिली, टेबले ही अनेकवचने मराठी व्याकरणाची आहेत. ‘डॉक्टर’ हा शब्द ‘दगड’ किंवा ‘देव’ यांप्रमाणे दोन्ही वचनांत तसाच राहतो, आणि ‘डॉक्टरांकडून’ मध्ये टिंब घेतो. असे असताना ‘डॉक्टर्सकडून’, ‘व्होटर्सना’ अशी दुहेरी सजावट करण्याचे प्रयोजन उरत नाही. अपवाद करावा लागतो तो एका शब्दाचा. ‘बस’चे सरळ मराठी अनेकवचन ‘बसा’ असे व्हावयास हवे. परंतु ‘यात्रेसाठी जादा बसा’ अशी पाटी लावली, तर प्रवासी तिचा निराळाच अर्थ घेतील. म्हणून ‘बसेस’ हे इंग्रजी अनेकवचन मराठीत टिकून आहे. ज्यांना ते खटकते, त्यांच्यासाठी ‘बसगाड्या’ हा चांगला शब्द उपलब्ध आहे.