अंधारही मोजून द्यावा लागतो

सक्करदरा, नागपूर
14 जून

चि. अनिकेत,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून कळवतो" एवढंच म्हणालो. ताई शेजारी बसली होती, आणि तिच्यासमोर मला ते बोलायचं नव्हतं. शिवाय असल्या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊ नये असंही वाटलं. तू खोलीत कपाटाएवढा काळा तंबू उभा केलास, त्यात एलईडीचा दिवा टांगलास, टायमर आणलास. आता त्यात गांजाची दोन झाडं लावायची आहेत, दिवा किती तास ठेवू आणि पाणी किती घालू ते सांगा, म्हणालास. दोन झाडांनी काय होतं, असंही म्हणालास.

खूप होतं, बेटा. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 8 प्रमाणे परवानगीशिवाय गांजाचं कोणतंही झाड लावणं हाच गुन्हा आहे. कलम 20 प्रमाणे त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लागवडीच्या कलमात कुंडी आणि शेत असा फरक केलेला नाही. तुझा जर्मनीतला मित्र घरी तीन झाडं लावतो, कारण तिथे 1 एप्रिल 2024 पासून मोठ्या माणसाला तेवढी मुभा आहे. तू राहतोस कोथरूडला, भाड्याच्या खोलीत, नोकरीच्या पहिल्या वर्षात. हे झाड तू लावू नकोस. मामा म्हणून माझं जे काही तुझ्यावर चालतं, त्या हक्कानं सांगतो.

त्या झाडाची मला शिसारी आहे असं मात्र समजू नकोस. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, आणि आमच्या सक्करदरा चौकातल्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकणारी मुलं तिचे गुणदोष अभ्यासतात. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, तेव्हा याच प्रांतात खंडव्याकडे सरकारी परवान्यानं गांजा पिकायचा. आपल्या महाराष्ट्रात नगर जिल्ह्यातही व्हायचा. 1893-94 साली इंग्रज सरकारनं त्यावर आयोग नेमला आणि अहवालाचे खंडच्या खंड निघाले. झाडाविषयी वाचायला तुला कोणी अडवत नाही. हवं तेवढं वाच.

पण तुझं बोलणं ऐकताना मला एक गोष्ट जाणवली. गांजाबद्दल तू दोन वाक्यं बोललास आणि दिव्याबद्दल वीस मिनिटं. तुला गोडी लागली आहे ती बंद खोलीत झाड वाढवण्याच्या विद्येची. ती मोठी विद्या आहे आणि मला येते तेवढी तुला द्यायला मी तयार आहे. त्या तंबूत शेवंती लाव. हसू नकोस. शेवंतीसुद्धा रात्र मोजते, आणि चुकलास तर लगेच दाखवून देते.

रात्र मोजते म्हणजे काय ते आधी सांगतो. 1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. सोयाबीनचं एक वाण त्यांनी वेगवेगळ्या तारखांना पेरलं, तरी सगळं जवळपास एकाच सुमारास फुलोऱ्यावर आलं. झाडानं वयाकडे पाहिलं नव्हतं, दिवसाच्या लांबीकडे पाहिलं होतं. आपल्या विदर्भातला शेतकरी हे न वाचताही जाणतो. पेरणी लांबली की सोयाबीन बुटकंच राहतं आणि तसंच फुलतं. पुढे कळलं की झाड खरं म्हणजे सलग अंधार मोजतं. म्हणून मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी त्याचा हिशोब मोडतो.

हे मी आपल्याच गच्चीवर पाहिलं आहे. तुझ्या मामीनं शेवंतीच्या एकाच झाडाच्या काश्या, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपं, दहा कुंड्यांत लावल्या होत्या. सहा कुंड्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होत्या, चार रस्त्याकडच्या कठड्याजवळ. दसऱ्याच्या सुमारास आडोशाच्या सहा कळ्यांनी भरल्या आणि कठड्याजवळच्या चार नुसत्या हिरव्यागार, उंच. खत तेच, पाणी तेच, माती एकाच ढिगाची. आठ दिवस मी मुळाशी कीड शोधत होतो. मग एका रात्री दार लावायला वर गेलो तेव्हा दिसलं की रस्त्यावरच्या दिव्याचा झोत नेमका त्या चार कुंड्यांवर पडतो. त्या झाडांची रात्र कधी झालीच नव्हती. कुंड्या आत सरकवल्या आणि काही आठवड्यांनी त्यांनाही कळ्या धरल्या.

तेव्हा तुझ्या टायमरचं काम दिवा लावण्याइतकंच तो विझवण्याचंही आहे. काश्या लावल्यावर पहिले सहा-सात आठवडे दिवा सोळा तास चालू दे, झाड अंगानं भरेल. शेंडा एकदा खुड, म्हणजे फांद्या फुटतील. पुढे दिवा अकरा तासांवर आण आणि तेरा तास पूर्ण अंधार ठेव. तंबूची चेन नीट लाव. रात्री मोबाईलचा उजेड पाडून "कळी आली का" बघायची सवय तुला लागणार हे मला आत्ताच दिसतंय. ती लावून घेऊ नकोस. फुलायला साधारण दोन महिने धर.

प्रकाश किती आहे हे डोळ्यांना विचारायचं नाही. डोळा फार जुळवून घेतो. भर दुपारी उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो आणि ट्यूबलाइटच्या बैठकीत दोन-तीनशे, तरी दोन्हीकडे आपल्याला सगळं स्वच्छच दिसतं. झाडासाठी मात्र बैठकीची खोली म्हणजे संधिप्रकाश. म्हणून अंदाज झाडाकडे बघून घे. दिवा दीड फुटावरून सुरू कर. खोड लांबुडकं होऊन पेरांतलं अंतर वाढलं तर तो खाली आण. शेंड्याची पानं फिकी पडली, कडा करपल्या तर वर घे. बंद तंबूत उष्णता साठते, तेव्हा लहान पंखा हवाच, आणि एक बाजू थोडी उघडी.

आता पाणी. इथे मला जरा जास्त बोलू दे, कारण घरातली झाडं बहुतेक पाण्यानंच मरतात, तहानेनं नाही. मुळांना हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मातीतली हवा जाते, मुळं कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग पानं माना टाकतात. माणसाला वाटतं झाड तहानलंय, तो आणखी पाणी घालतो. पान मलूल दिसलं की आधी मातीत दोन पेरं बोट घाल. आत ओल असेल तर पाण्याला हात लावायचा नाही.

त्याहून चांगली रीत म्हणजे कुंडी उचलून बघायची. भरपूर पाणी घालून, खालून निथळून गेल्यावर एकदा उचल आणि ते वजन हाताला लक्षात राहू दे. सुकल्यावर पुन्हा उचल. आठवड्यात हाताला कळायला लागेल. पाणी घालशील तेव्हा खालच्या भोकातून येईपर्यंत घाल, रोज पेलाभर शिंपडू नकोस. अर्ध्या तासानं खालची ताटली रिकामी कर. दोन पाण्यांमध्ये किती दिवस जातील ते मी इथून सांगू शकत नाही, ते तुझा दिवा ठरवेल. उजेड जास्त तर झाड जास्त पितं, उजेड कमी तर कमी. दिवा सोळा तासांवरून अकरावर आणलास आणि पाणी तेवढंच ठेवलंस, तर त्याच आठवड्यात मुळं धोक्यात येतील. बाहेर पाऊस लागला की हवा दमट होते, तेव्हाही हात आखडता घे.

पाणी कुठलं, हेही बघायचं. नागपूरच्या मे महिन्यात आपल्याकडे कूलर दिवसरात्र चालतात. एका उन्हाळ्यात मी कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी रोज कढीपत्त्याला घालत होतो, वाया का घालवायचं म्हणून. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, टाकीत दिवसेंदिवस दाट होत जातात. महिन्याभरात कुंडीच्या काठावर पांढरा थर आला, पानांचे शेंडे जळले. बारा वर्षांचा कढीपत्ता होता तो, तुझ्या आजीनं लावलेला. नंतर कितीही साधं पाणी दिलं तरी तो सावरला नाही. मला अजून वाईट वाटतं.

आणि आजोबांचं एक सांगतो. काटोलच्या बागेत आंबिया बहर धरायचा तर ते डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचं पाणी तोडायचे. झाडं फिकी पडायची, थोडी पानं गळायची. मी लहान, मला रडू यायचं. लपून एका झाडाला बादलीभर पाणी घातलं तेव्हा त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "त्याले तहान लागू दे ना बापा, मंग फूल पाह्य." ताण तोडतानाही पहिलं पाणी हलकं, मग भरपूर. आणि पाणी द्यायचं ते बुंध्यापासून लांब, गोल आळ्यात. संत्र्याच्या खोडाला पाणी लागून राहिलं की डिंक्या लागतो, साल फुटून डिंक वाहतो. ते बुंध्याला मातीची भर घालायचे, खोडाला बोर्डो पेस्ट लावायचे. मी ज्या झाडाला पाणी घातलं त्याला त्या वर्षी फुलं फार कमी आली. त्या झाडापाशी ते मला मुद्दाम घेऊन गेले होते. शेवंतीला असा ताण द्यायचा नाही, तिची मुळं उथळ असतात. पण दोन पाण्यांमध्ये वरची माती कोरडी होऊ द्यायचीच.

काश्या मामी काढून ठेवते आहे, पिवळ्या आणि पांढऱ्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून शेजारच्या मुलाबरोबर रविवारी पाठवतो. माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घेऊन कुंड्या आधीच भरून ठेव. आपल्याकडची नुसती काळी माती पाठवत नाही, ती कुंडीत दगड होते. हातात पडतील त्याच दिवशी लाव आणि पहिले चार दिवस दिवा उंच ठेव.

आणि त्या दुसऱ्या झाडाचं बी तू आधीच आणून ठेवलं असशील, किंवा पेरलंही असशील, तर आज रात्री मला फोन कर. ताई महिनाभर इथेच आहे, पण ती साडेनऊला झोपते. त्यानंतर कर. मी जागा आहे आणि रागावणार नाही.

तुझा,
मामा