दाराचे बाक

आमच्या रत्नागिरीकडच्या गावात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन घराण्यांचा तीन पिढ्या अबोला होता. लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा वाटलं, सुटले बाई यातून. ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट या बंदराच्या गावी आमचं बस्तान बसलं, आणि गेले नऊ उन्हाळे मी तिथल्या ट्रिनिटी या एपिस्कोपल चर्चमध्ये आल्यागेल्याला इमारत दाखवते. पगार नाही. मी ख्रिस्तीही नाही. पहिल्याच दिवशी विचारून टाकलं, तर म्हणाले, जिने चढता येतात ना, मग झालं. या नऊ उन्हाळ्यांत शिकले ते असं.

१. माणसाला आधी खाली बघायला लावायचं.

पाहुणा आत यायच्या आधीच मान वर करून उभा असतो. त्यात त्याचा दोष नाही. १७२६ सालची ही पांढरी लाकडी इमारत, तिचा निमुळता मनोरा बंदरात शिरणाऱ्या बोटीतूनही दिसतो. रिचर्ड मंडे नावाच्या इथल्याच एका सुताराने ती उभी केली. लंडनमध्ये ख्रिस्तोफर रेनने दगडात बांधलेल्या चर्चांचा घाट त्याने लाकडात उतरवला. मंडळी त्याहून जुनी, १६९८ पासूनची.

मी मात्र लोकांना आत नेऊन आधी बाक दाखवते. बाक कसले, लाकडी खोल्याच त्या. चारी बाजूंनी छातीपर्यंत फळ्या, आत बसायच्या पाट्या, आणि प्रत्येकाला कडीचं दार, दारावर नंबर. कुटुंबं या जागा विकत घ्यायची, वर वर्षाची पट्टी भरायची. कारण विचारलं की थंडीचं सांगतात, आणि ते खरंही आहे. चर्चला शेगडी नव्हती. घरून निखाऱ्यांची छोटी पेटी आणून पायाशी ठेवायची आणि दार लावून ऊब अडवायची.

पण थंडी तर सगळ्यांनाच वाजत होती. पुढच्या बाकांना मान होता, तो काही थंडीने दिला नव्हता. ८१ नंबरच्या बाकावर जॉर्ज वॉशिंग्टन बसला होता असं म्हणतात, आणि फोटो त्याच बाकाचे निघतात. पहिल्यांदा त्या दारांच्या रांगेसमोर उभी राहिले तेव्हा मला आमची पालखी आठवली. हसू आलं. मानकरी इथेही होतेच की!

२. ‘जसंच्या तसं’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

सुरुवातीचे दोन महिने मी छातीठोकपणे सांगत होते, की ही वास्तू १७२६ पासून जशीच्या तशी आहे. मधल्या वाटेत उभं असलेलं तीन मजली उपदेशपीठ दाखवायचे. खालच्या पायरीवर मंडळीला प्रतिसाद सांगणारा कारकून, मधल्यावर शास्त्रपाठ, सगळ्यात वर प्रवचन, आणि डोक्यावर आवाज पसरवायला लाकडी छत्र. वेदी त्याच्या मागे जवळजवळ झाकलेली. अशा जागी मूळचं उपदेशपीठ टिकलेलं अमेरिकेत दुसरं नाही. तिथपर्यंत माझं बरोबर होतं.

एक दिवस एक म्हाताऱ्या बाई मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. पाहुणे गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, “अगं, हे चर्च मधोमध कापलंय.” मला वाटलं, चेष्टा करतात. तर खरंच. १७६२ मध्ये जागा पुरेना म्हणून इमारतीचे दोन तुकडे केले, मागचा तुकडा मागे सरकवला आणि मधली फट बांधून काढली. खिडक्या मोजा, म्हणाल्या. तेव्हापासून मी पाहुण्यांनाच खिडक्या मोजायला लावते.

३. मोठ्या माणसाबरोबर त्याचा हिशोबही सांगायचा.

तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली इथे येऊन गेला. वस्तूचं असणं म्हणजे कुणाला तरी ती जाणवणं, असं मांडणारा. कॅलिफोर्नियातलं बर्कली शहर त्याच्याच नावाचं. बर्म्युडाला कॉलेज काढायचा बेत घेऊन तो जानेवारी १७२९ मध्ये न्यूपोर्टला उतरला, लंडनहून कबूल झालेल्या पैशांची वाट बघत राहिला. पैसे आलेच नाहीत. अडीच-पावणेतीन वर्षं इथे राहिला, या उपदेशपीठावरून बोलला, १७३१ मध्ये परत गेला आणि मागाहून चर्चसाठी ऑर्गन पाठवला. जायच्या थोडं आधी त्याची तान्ही मुलगी गेली. लुशिया. तिची कबर अंगणात आहे. तिथे आले की लेकुरवाळ्या बायका गप्प होतात. मीही तेवढंच सांगून गप्प व्हायचे.

पण बर्कलीने इथल्या आपल्या शेतावर माणसं विकत घेऊन ठेवली होती. गुलाम. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कबरीपाशी ते बोलायला जीभ रेटत नसे. मग २०२३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने याच कारणावरून ग्रंथालयाला असलेलं त्याचं नाव काढलं, आणि पाहुणेच विचारू लागले. आता मी दोन्ही सांगते, त्याच कबरीपाशी. कुणाकुणाला रुचत नाही. एका गृहस्थाने, सुट्टीवर आलोय, हे कशाला, असं तोंडावर सुनावलं.

४. बाकांना दारं होती, तर माडीवर कोण बसायचं?

हा प्रश्न माझा नाही. शाळेच्या सहलीतल्या एका मुलीचा. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही.

न्यूपोर्टची श्रीमंती काकवीची होती. वेस्ट इंडिजहून काकवी यायची, इथल्या भट्ट्यांत तिची रम व्हायची, रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची आणि तिच्या बदल्यात माणसं. १७०९ ते १८०७ या काळात ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी नऊशेहून जास्त खेपा केल्या आणि लाखाहून अधिक माणसं उचलली. तो पैसा या गावातल्या सगळ्याच प्रार्थनास्थळांच्या बाकांत मुरलाय. गुलामांचा बाप्तिस्मा व्हायचा, पण त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये त्यांची जागा बहुधा माडीवर, नाहीतर अगदी मागे.

आता असा प्रश्न आला की मी वेळ असलेल्यांना गावच्या जुन्या दफनभूमीत पाठवते. तिथल्या आफ्रिकी लोकांच्या भागाला ‘गॉड्स लिटल एकर’ म्हणतात. तिथे १७६८ चा एक दगड आहे, कफी गिब्ज नावाच्या माणसाचा. तो त्याच्या भावाने कोरला, आणि खाली स्वतःचं नाव घातलं: पॉम्पी स्टीव्हन्स. दगड घडवणाऱ्याच्या कारखान्यातला गुलाम होता तो. चर्चमध्ये त्याच्या नावाचं दार कुठून असणार. दगडावर मात्र त्याने स्वतःच नाव कोरून ठेवलं.

५. मुकुट काढायचा राहून जातो.

स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या अखेरीस ब्रिटिश फौजा न्यूपोर्टात घुसल्या, १७७९ मध्ये गेल्या. त्यांच्यामागे लोकांनी चर्चमधली राजचिन्हं उखडली. ऑर्गनवरचा मुकुट मात्र राहिला. आजही आहे. राजाशी नातं तुटलेलं इथलं अँग्लिकन चर्च पुढे एपिस्कोपल झालं, मुकुट आपला जागेवरच. १७८० मध्ये अमेरिकनांच्या मदतीला आलेल्या फ्रेंच आरमाराचा प्रमुख द तर्ने इथेच वारला. कॅथलिक माणूस, पण गावात कॅथलिक दफनभूमी नव्हती, म्हणून याच अंगणात विसावला. आणि १९७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी, इंग्लंडची राणी स्वतः येऊन गेली!

६. खाऱ्या वाऱ्यापुढे कुणाचंच चालत नाही. आमच्या घराच्या रिपा बदलताना वडील जे शब्द वापरायचे, तेच इथे चर्चचं लाकूड दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडून इंग्रजीत ऐकते.

७. एकदा तरी आत बसायचं.

नऊ वर्षं मी बाक दाखवत होते, बसले कधीच नव्हते. गेल्या ऑक्टोबरात रविवारची उपासना सुरू झाल्यावर पोचले. आता कुणीही कुठेही बसतं, तरी माझे पाय मागच्या भिंतीशीच थबकले. त्याच म्हाताऱ्या बाईंनी कडी काढली, दार उघडलं आणि सरकून जागा केली. मी बसले. त्यांनी दार लावून घेतलं. आतून शेजारचं कुणी दिसत नाही. फळीच्या वर फक्त डोकी दिसतात, पांढरी, टकली, एखादी लोकरी टोपी.