कशावरून?

माण तालुक्यातल्या एका गावात मी १९९८ पासून अंगणवाडी सेविका आहे. लग्न झालं तेव्हा दहावी झालेली होती. पुढचं शिक्षण तिशी जवळ आल्यावर, दोन लेकरं सांभाळत, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून झालं. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी कुणाकुणाचे आईबाप अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसतात आणि विचारतात, "बाई, पोरीला म्होरं शिकवून उपेग हाय का?" त्यांना जे सांगत आले, तेच इथं लिहिते.

१. बारावी नाही म्हणजे पदवी नाही, असं मी दहा-बारा वर्षं धरून बसले होते. तालुक्याच्या बैठकीत शेजारी बसलेल्या सेविकेच्या पिशवीत एक जाडसर पुस्तक दिसलं. "हे कसलं?" म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, पूर्वतयारीची परीक्षा दिली की बारावी नसतानाही बी.ए.ला बसता येतं, पुस्तकं मराठीत असतात आणि संपर्कसत्र रविवारी असतं. आत्याबाई म्हणाल्या, "पोरांचा अभ्यास घ्यायच्या वयात सोताचा घेतीस व्हय?" पण पहिल्या रविवारी धाकट्याला कडेवर घेऊन मला एसटीपर्यंत घालवायला त्याच आल्या. न विचारल्यामुळं गेलेली ती वर्षं मला अजून सलतात. म्हणून कुणी नुसतं चौकशीला आलं तरी मी हातातलं काम बाजूला ठेवते.

२. समाजशास्त्राच्या स्वाध्यायात मी लिहिलं होतं, "आमच्या गावात आता सगळे लोक मुलींना शिकवतात." वही परत आली, तर त्या वाक्याखाली लाल रेघ आणि समासात एकच शब्द : कशावरून? मला राग आला. मी गावात राहते, मला माहीत नसणार का? दोन दिवस वही उघडली नाही. मग अंगणवाडीच्या पत्र्याच्या पेटीतून माझ्या आधीच्या सेविकेच्या पटाच्या जुन्या वह्या काढल्या. १९८६ सालच्या पटावर एकोणीस मुली होत्या. एकेक नाव घेऊन घरोघर गेले. "तुमची अमकी कितवीपर्यंत शिकली?" कुणी चहा दिला, कुणी म्हणालं, आता कशाला उकरून काढतेस. एकोणीसपैकी बारावीला पोचल्या होत्या चौघी. कॉलेजचं तोंड पाहिलेली एक. ज्या घरांत मी हळदीकुंकवाला जात होते, त्या घरांतली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, कारण मी कधी मोजलीच नव्हती.

तो स्वाध्याय मी नव्यानं लिहिला. मार्क किती पडले ते आठवत नाही. पण उच्च शिक्षण म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर ती लाल रेघ डोळ्यांपुढे येते. शाळेत मला उत्तरं पाठ करायला लावली होती. आपण जे ठामपणे बोलतो त्याला आधार काय, हे पहिल्यांदा विचारलं ते पदवीच्या अभ्यासानं.

३. हा प्रश्न पुढं एका लेकराच्या कामी आला. २००९ सालचा पावसाळा होता. दोन वर्षांची एक मुलगी. महिन्याच्या वजनात घट नाही, वाढीच्या तक्त्यावर काळजीचं काही नाही. तपासणीला आलेल्या मोठ्या माणसानं तक्ता पाहिला आणि म्हटलं, "वजन चांगलं आहे, पुढचं मूल आणा." माझ्या तोंडून निघून गेलं, "वजन चांगलं आहे, पण ते कशाचं आहे?" पोरगी मलूल होती, खात नव्हती. तिच्या पायावर मी अंगठा दाबून धरला, उचलला, तर खड्डा तसाच राहिला. दुसऱ्या पायावरही तेच. दोन्ही पायांवर अशी सूज असेल तर वजन काहीही सांगो, ते मूल अतितीव्र कुपोषित धरायचं असतं, कारण काट्यावर भरतं ते अंगात साचलेलं पाणी. हे प्रशिक्षणात आम्हा सगळ्यांनाच शिकवलं होतं. माहिती मला पदवीनं दिली नाही. वरच्या माणसानं एकदा "चांगलं आहे" म्हटल्यावरही थांबून पाहण्याची सवय मात्र तिथून आली. मुलीला दवाखान्यात पोचवलं, तिथं उपचार झाले. सूज उतरली तेव्हा तिचं खरं वजन दिसलं आणि तिची आई रडायला लागली. ती मुलगी पुढं कॉलेजात गेली.

४. पदवीनं माझं मानधन एका रुपयानंही वाढलं नाही. हे मी लपवत नाही. गावात पदवी घेऊन पोलीस भरतीच्या मागं धावणारी, पेट्रोल पंपावर उभी राहणारी मुलं आहेत आणि त्यांच्या आईबापांपुढे शिक्षणाचे गोडवे गायला माझी जीभ रेटत नाही. शिकून नोकरी मिळेलच, असं मी कुणालाच सांगत नाही. त्या मुलांचा दोष मला वाटत नाही. ज्या वर्गात वर्षभर पूर्णवेळ शिक्षकच नसतो, तासिका तत्त्वावरचे सर दोन कॉलेजांत पळत असतात, तिथं समासात "कशावरून" लिहायला बसणार कोण? पोरांच्या हाती तीन वर्षांनी गाइडची पानं आणि गुणपत्रिका येते. उच्च शिक्षण निरुपयोगी आहे असं म्हणणाऱ्यांनी या पोरांना ते मिळालं होतं का, हे आधी पाहावं. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीत उच्च शिक्षणातल्या नोंदणीचं प्रमाण १८ ते २३ वयाच्या शंभरांमागं २८ च्या आसपास होतं. २०३५ पर्यंत ते ५० वर न्यायचं असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे. पोरं वाढतील. शिकवणारे वाढणार आहेत का, ही मला चिंता आहे.

५. पदवीच्या दुसऱ्या वर्षी माझी गाडी चुकली आणि अर्थशास्त्राचा पेपर बुडाला. पुढच्या परीक्षेत दिला. एका पेपरानं माणूस संपत नाही, हे मुलींना निकालाच्या आधी सांगून ठेवावं.

६. प्रवेशाची पावती फाडण्याआधी मान्यता तपासा. आमच्या शेजारच्या मुलीनं "नर्सिंग" म्हणून एका खोलीतल्या वर्गात दोन वर्षं घातली, बापानं दोन शेळ्या विकल्या, आणि हाती आलेला कागद कुठल्याच दवाखान्यात चालेना. नर्सिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत संस्था आहे का ते बघायचं. विद्यापीठ असेल तर विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती मोबाइलवर दिसते. मी ती ओट्यावर बसूनच दाखवते.

७. आईबाप "उपेग काय" विचारतात तेव्हा पुष्कळदा त्यांना विचारायचं असतं, "पैसे किती?" म्हणून मी कागद घेऊन बसते. जुलै २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे. हे ऐकलं की चेहरे खुलतात. मग दुसरी बाजूही लिहिते : खोलीभाडं, खाणावळ, पुस्तकं. आणि एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीलाच थांबतो, नेमका मुलगी लांब जायला निघते तेव्हा. घरात भावाचं आणि बहिणीचं शिक्षण एकदमच आलं, तर कागदावरचं कुणाचं नाव खोडलं जातं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. अशा वेळी मी गप्प बसत नाही.

परवा अशाच एका मुलीचा बाप हिशेबाचा कागद घडी करून खिशात घालून गेला. काल संध्याकाळी तिची आई एकटीच आली. म्हणाली, "त्यांनी हू म्हटलंय, पर कागदं कशी काढायची ती तुमीच दावा." उत्पन्नाचा दाखला अजून काढायचा आहे. उद्या पहिल्या गाडीनं आम्ही तिघी दहिवडीला जाणार आहोत. मदतनीसताईंना सांगून ठेवलं आहे, मी येईपर्यंत मुलांचा खाऊ त्या वाढतील.