तागा फाडण्याआधी

11 जून 2023 ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि निपाणीच्या स्टँडवर बेळगावच्या गाडीला बायकांची झुंबड उडू लागली. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं, की निघाली गाडी संकेश्वरवरून बेळगावला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रानेही एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. सीमेवर राहणाऱ्या आम्हा बायकांना दोन्ही सरकारं पावली. पूर्वी एका ब्लाऊजपीससाठी पाऊणशे किलोमीटर कोण जात होतं? निपाणीच्या चाटे मार्केटमध्ये मिळेल त्या रंगावर भागायचं. आता बेळगावचा खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली म्हणजे शेजारचं घर झालं आहे.

मी निपाणीत घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, मुलींचे परकर-पोलके. माझ्याकडे येणाऱ्या भांडणांतली निम्मी भांडणं शिलाईची नसतात, कापडाची असतात. पुरलं नाही, आटलं, रंग गेला, अस्तर चुरगळलं. बोल मात्र शिंपिणीला बसतो. म्हणून सांगते, तिकीट फुकट झालं असलं तरी दिवस फुकट झालेला नाही. निपाणीहून बेळगावला जाऊन कापड आणायचं आणि ते बदलायला परत जायचं, यात घरातल्या बाईचा अख्खा दिवस जातो आणि शिवणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. परत जावं लागणार नाही अशी खरेदी हीच स्वस्त खरेदी.

एकच तागा

गेल्या लग्नसराईत एका घरच्या करवल्यांचे ब्लाऊज माझ्याकडे होते. सगळ्यांना एकाच मोरपंखी रंगाचे हवे होते. नवरीच्या आत्याबाई आणि मी बेळगावला गेलो. दुकान मोठं, उजेडाचा लखलखाट. निम्मं कापड फाडून झाल्यावर तागा संपला. पोऱ्याने वरून दुसरा तागा ओढला, पहिल्यावर ठेवून दाखवला. "सेम आहे अक्का, एकाच लॉटचा." ट्यूबलाईटखाली तो खरोखर सेमच दिसत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात, उन्हात घड्या उलगडल्या तर एक निळसर आणि एक सरळसरळ हिरवट. मांडवात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या असत्या तर लांबूनही कळलं असतं.

दुकानात परत गेलो. काउंटरवरच्याने बिलाच्या तळाची ओळ बोटाने दाखवली, की एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आत्याबाईंनी आवाज चढवला, मी तो उतरवायला लावला. सुदैवाने मी एकाही तुकड्याला कैची लावलेली नव्हती आणि "एकाच लॉटचा" हे बोलणं त्याच पोऱ्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. गल्ल्यावर बसलेल्या वयस्क मालकांनी दोन्ही तुकडे फुटपाथवर नेऊन पाहिले आणि बदलून दिले. तोवर दुपार कलली होती.

तेव्हा दोन कपड्यांना एकच रंग हवा असेल तर आधी विचारा, की या ताग्यात आमच्या मापाएवढं शिल्लक आहे का? नसेल तर दुसरा रंग निवडा. एकाच रंगाचं नाव असलं तरी दर घाण्यात रंग थोडा इकडे-तिकडे होतोच, त्यात गिरणीचाही फारसा दोष नसतो. आणि कापड दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात पाहा. कोणताही धड दुकानदार याला नाही म्हणत नाही.

पन्हा आधी, दर मग

बाजारात पहिला प्रश्न असतो, मीटरला किती? बेळगावात "मीटरिगे एष्टु?" पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कळल्याशिवाय मीटरच्या दराला अर्थ नाही. साध्या बाह्यांच्या ब्लाऊजला 44 इंच पन्ह्याचं कापड 80 ते 90 सेंटिमीटर पुरतं, 36 पन्ह्याला साधारण मीटर लागतं. ड्रेसचं कापड 44 चंही असतं आणि 58 चंही. 58 पन्ह्याचं कापड मीटरला महाग वाटतं, पण त्यात बाह्या कुडत्याच्या अंगालगतच निघतात आणि एकूण कापड कमी लागतं. दोन्हींचा हिशेब कागदावर मांडा, पुष्कळदा महाग दिसणारंच स्वस्त पडतं.

पन्हा मोजताना काठाची पट्टी सोडून मोजा. काठाला सुया टोचल्याची भोकं असतात, तो भाग शिवणीत दडवावाच लागतो. मोजणीकडेही लक्ष असू द्या. लोखंडी मीटरपट्टीवर वजनमाप खात्याचा शिक्का असतो. काउंटरच्या कडेला ठोकलेल्या खिळ्यांवर किंवा हाताच्या अंदाजावर मोजून घेऊ नका. लायक्रा, होजिअरी असं ताणणारं कापड ओढून मोजलं तर घरी येऊन ते आखूड होणारच. त्याला टेबलावर सैल पसरून मोजायला सांगा.

जुन्या बायका अजून वारात बोलतात. वार म्हणजे 36 इंच, 91.44 सेंटिमीटर. पाच मीटर आणि पाच वार यांत जवळजवळ 43 सेंटिमीटरचा फरक पडतो, अर्ध्या ब्लाऊजएवढा. सासूबाईंनी सांगितलेलं माप वारात असेल तर बाजारात जाण्याआधी ते मीटरमध्ये करून घ्या.

खणाचं गणित वेगळं

खणाचे फ्रॉक आणि पोलकी पुन्हा जोरात आहेत. खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. तिथून तो बेळगावच्या पेठेत येतो आणि आमच्याकडे. हातमागाच्या खणाचा पन्हा बहुधा आखूड असतो आणि दोन्ही कडांना काठ असतो. आता हातमागाच्या खणाशेजारीच यंत्रमागाचा पॉलिस्टरचा खण ठेवलेला असतो. रंग, बुट्टी, काठ सगळं तसंच, दर निम्म्याखाली. रोज वापरायच्या फ्रॉकला तो घ्यायला हरकत नाही, पण हातमागाच्या दराने घेऊ नका.

खणाच्या फ्रॉकला घेराच्या खाली काठ यायला हवा असेल तर कापड आडवं वापरावं लागतं. म्हणजे कापडाची लांबी घेराला जाते आणि पन्हा उंचीला. तीन मीटर घेर हवा तर तीन मीटर खण लागतो, मग मुलगी दोन वर्षांची असो की दहाची. शिवाय पन्ह्यापेक्षा जास्त उंचीचा घेर निघतच नाही, जोड द्यावा लागतो. पुष्कळ आया "छोटीच आहे हो" म्हणून दीड मीटर घेऊन येतात आणि काठ घेराला पुरत नाही. खण घेण्याआधी मुलीची कमरेपासूनची उंची आणि हवा तेवढा घेर, हे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून न्या.

कापड ओळखायचं कसं

इचलकरंजी आमच्यापासून तासाभरावर. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, आणि आता पॉपलिन, केंब्रिक म्हटलं की आमच्या भागात इचलकरंजीच आठवते. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेतही माग आहेत. पूर्वी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि तिथल्या साड्यांचं नाव होतं. इतकं कापड आजूबाजूला विणलं जात असताना कॉटन म्हणून काहीही खपवणं सोपं जाऊ नये, पण जातं.

काठाचे दोन-चार धागे मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडी लावून पाहा. सुताचा धागा कागदासारखा जळतो, राख मऊ पडते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि त्याची राख बोटात चुरडते. रेयॉनही सुतासारखंच जळतं, म्हणून ही परीक्षा पॉलिस्टर पकडायला चांगली, सूत सिद्ध करायला पुरेशी नाही. रेशमी कापड महागाचं घेत असाल तर सिल्क मार्कचं लेबल मागा, 2004 पासून ती सोय आहे. हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून हँडलूम मार्क आहे.

रंगाची परीक्षा सोपी. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या कोपऱ्यावर घासा. लाल, मरून, गडद निळा यांना ही परीक्षा हवीच. आणि कापड चोळून पाहा. हाताला पांढरी पूड लागली तर खळ जास्त आहे. पहिल्या धुण्यात खळ निघून जाईल आणि भरीव वाटणारं कापड जाळीदार होईल.

अस्तर आणि बारीकसारीक

ब्लाऊजचं कापड हजाराचं आणि अस्तर मिळेल ते, हा प्रकार मी रोज पाहते. सुती अस्तर पहिल्या पाण्यात मीटरला तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं. वरचं कापड न आटणारं असेल तर अस्तर आतून ओढतं आणि ब्लाऊजच्या पाठीवर सुरकुत्यांचं जाळं होतं. अस्तर आणल्याबरोबर रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग शिवायला द्या. वरचं कापड सुती असेल तर तेही. त्यासाठी मुळातच दहा सेंटिमीटर जास्त घ्या.

कापड बेळगावचं घ्या, इचलकरंजीचं घ्या, पण अस्तर, दोरा, हूक, चेन, लेस हे शक्यतो आपल्या गावातल्या दुकानातून घ्या. एक तर शिवताना मध्येच काहीतरी संपतं, आणि दुसरं म्हणजे कापडाचा तुकडा हातात धरून दोरा जुळवता येतो. दोऱ्याचं रीळ बाहेरून गडद दिसतं, पण एकच धागा कापडावर ठेवला की फिका दिसतो. म्हणून रिळातला हातभर धागा ओढून कापडावर आडवा टाका. नेमका रंग मिळत नसेल तर एक छटा गडद घ्या. तोच धागा हाताने झटका देऊन तोडून पाहा. सहज तुटला तर जुना माल आहे. आमच्याकडच्या पावसाळ्यात दमटपणाने सुती दोरा कुजतो.

सुई घेताना मशीन कोणती ते सांगा. घरगुती मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते, कारखान्याच्या मशीनची दांडी गोल. एकीची दुसरीला चालत नाही. साध्या सुती कापडाला 14 नंबर, पातळ जॉर्जेट, क्रेपला 11, जाड कापडाला 16. टाके सुटायला लागले की बायका मशीन दुरुस्तीला नेतात. आधी सुई बदला, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. हूक न गंजणारे घ्या, पावसात घातलेल्या ब्लाऊजवर गंजाचा डाग पडला की तो निघत नाही. लेसचा गुंडा बहुधा नऊ मीटरचा असतो, सुटी लेस त्याहून महाग पडते. दोघी-तिघींनी मिळून गुंडा घेतला तर परवडतं.

बिल

कापडावरचा जीएसटी 1 जुलै 2017 पासून कर्नाटकात आणि महाराष्ट्रात सारखाच, पाच टक्के. तेव्हा "तिकडे टॅक्स कमी" हे ऐकून हद्द ओलांडू नका. "बिल नको तर कमी करतो" हे तर मुळीच ऐकू नका. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही बिलाखाली छापलेली ओळ सदोष मालाला लागू होत नाही. पण रंग आवडला नाही, नणंदेला पसंत नाही, ही कारणं दोषात मोडत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सीमेवरच्या लोकांना या कायद्याने मोठी सोय करून दिली आहे. आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कोल्हापुरात घेतलेल्या कापडासाठी निपाणीच्या बाईने कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही, बेळगावच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करा, मराठीतही बोलता येतं. बिलावर दुकानदाराकडून कापडाचं नाव, पन्हा आणि मीटर लिहून घ्या. नुसतं "कापड 1 नग" असं लिहिलेलं बिल वादाच्या वेळी फारसं उपयोगी पडत नाही.

एवढे प्रश्न विचारले तर दुकानदार काय म्हणेल, असा संकोच आमच्या बायकांना फार. साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावणारी बाई दीड मीटर अस्तराचा पन्हा विचारायला लाजते. विचारा. तागा उलगडायचे पैसे कोणी घेत नाही. पन्हा, तागा, रंग, आटणं, बिल या पाच गोष्टींची खात्री झाली की मगच "फाडा" म्हणा.