पोराच्या चालीवरून

आयांनो, आणि त्यांच्या मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेल्या बाबांनो, पालकसभा संपल्यावर दोघं-चौघं मागं रेंगाळतात, त्यांच्याशी आज बोलायचंय. मार्कांचं बोलून झालेलं असतं. मग इकडंतिकडं बघत आवाज खाली येतो. "सर, पोरगा नुसता पोरींतच बसायलाय बघा. क्रिकेटचं नाव काढत नाही. रांगोळी मात्र काय काढतोय! तसलं काय नसंल न्हवं?" मुलीची आई असेल तर तक्रार उलटी. केस बारीक कापलेत, ओढणी घेत नाही, गाडी मारते फर्रकन.

माझं उत्तर दर वेळी एकच. मला कळत नाही, तुम्हालाही कळत नाही, आणि शेजारच्या काकूंना तर मुळीच कळत नाही. माणूस चालतो-बोलतो कसा, ही एक गोष्ट. तो स्वतःला मनातून बाई समजतो की पुरुष, ही दुसरी. त्याचा जीव कुणावर जडतो, ही तिसरी. या तिन्हींची आपण एकच मोट बांधतो आणि त्यातलं एक टोक दिसलं की उरलेली दोन कळलीच असं धरून चालतो. मऊ आवाजाचा, हात हलवत बोलणारा मुलगा पुढं चारचौघांसारखा एखाद्या मुलीच्या प्रेमात पडतो, आणि पिळदार मिशांचा कबड्डीपटू पुरुषाच्या. या दुसऱ्याकडं तर कुणी संशयानं बघतही नाही.

आपल्या बेळगाव-निपाणी भागात हा अंदाज नुसता कट्ट्यावरच्या गप्पांत राहिला असता तर मी एवढं बोललो नसतो. इथं अंदाजाचा निकाल लागतो. यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर काय लांब नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधी निपाणी-कोल्हापूरकडच्या गाड्या भंडाऱ्यानं पिवळ्या होऊन त्या रस्त्याला लागतात. भक्तीबद्दल माझं काही म्हणणं नाही, जावं, दर्शन घ्यावं. पण त्याच परंपरेत पोराच्या केसात जट आली, चाल बायकी वाटली, की 'यल्लम्मानं मागितलाय' असं म्हणून त्याला लुगडं नेसवून, हातात परडी देऊन जोगत्या केलेलं आहे. पोराला कुणी विचारलं होतं? १९८२ चा कर्नाटकाचा देवदासी प्रतिबंधक कायदा आला, तोही देवाला सोडलेल्या बायकांपुरताच. पोरं त्यात नव्हती.

गडहिंग्लजकडच्या राजन गवसांनी हे जोगत्यांचं जग 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत लिहिलं, त्यावरून आणि चारुता सागरांच्या कथेवरून २००९ साली राजीव पाटलांचा 'जोगवा' सिनेमा आला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल, निदान त्यातली गाणी तरी ऐकली असतील. त्यातल्या तायप्पाचं आठवा. पोराला लघवीतून रक्त जातं. हे दुखणं आहे, डॉक्टरकडं न्यायचं काम आहे. गाव मात्र त्यातून देवीची खूण काढतं आणि धडधाकट गड्याला लुगडं नेसवतं. आणि हा लुगड्यातला तायप्पा जीव कुणावर लावतो, तर सुलीवर, एका बाईवर. गावाचा अंदाज शंभर टक्के चुकलेला, आणि त्या चुकलेल्या अंदाजावर एक आयुष्य बेतलेलं.

सिनेमातली गोष्ट सोडा, खरा माणूस घ्या. कोल्हापूरचे नट गणपत पाटील. तमाशापटांतला नाच्या म्हटलं की दुसरं नाव सुचत नाही. मुरकणं, लाडिक आवाज, टाळी, सगळं इतकं चोख की थेटरात लोक लोळायचे. प्रत्यक्षात हा माणूस संसारी, मुलाबाळांचा बाप. पण पडद्यावरचा नाच्या लोकांनी त्यांच्या घरापर्यंत नेला आणि खऱ्या आयुष्यातही संशयानंच बघितलं. कलाकाराला दाद द्यायची सोडून त्याची शहानिशा करत बसणारे आपण! २००८ साली ते गेले.

आता कुणी म्हणेल, कधीतरी अंदाज बरोबरही येत असेल की. येतो. मंजम्मा जोगतींचं उदाहरण आहे. बल्लारीकडच्या, जन्मानं मुलगा, पण मनानं लहानपणापासून मुलगी. घरच्यांनी पंधराव्या-सोळाव्या वर्षी देवीला वाहिलं, घर सुटलं, जीव द्यायचाही प्रयत्न झाला. पुढं जोगती नृत्य शिकल्या, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनात त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली, ते चित्र देशानं बघितलं. मला त्यात टाळी वाजवण्याआधी घर सुटलेली ती पंधरा वर्षांची मुलगी दिसते. घरच्यांचा अंदाज बरोबर होता. मग त्याचा तिला काय उपयोग झाला?

आणि असा अंदाज बरोबर येतो तरी किती वेळा? गणिताच्या मास्तरानं हिशेब घालावा, तसा एक घालतो. शंभर पोरं धरा, त्यात पाच समलैंगिक धरा. तुमची नजर दहांतल्या सहांबद्दल बरोबर ठरते असंही मान्य करू. म्हणजे पाचांतले तीन तुम्ही ओळखले, दोन सुटले. आणि उरलेल्या पंच्याण्णवांतल्या अडतीसांवर फुकटचा शिक्का मारला. एकेचाळीस पोरांकडं बोट दाखवलं तेव्हा तीन खरी निघाली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या विल्यम कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच दाखवून दिलंय.

त्या अडतीसांचं काय होतं ते वर्गात दिसतं. नववीतला एक मुलगा फळ्यावर लिहायला आला की कोपर बरगडीला चिकटवून लिहायचा. अक्षर त्यामुळं तिरकं, चिरडलेलं. तोंडी उत्तर द्यायला उभा राहिला की दोन्ही हात खिशात, काढ म्हटलं तरी काढायचा नाही. बोलताना हात हलतात म्हणून पोरांनी मराठीत 'बायल्या' आणि कन्नडात 'हेण्णिग' अशी दोन्ही भाषांतून सोय केली होती. सीमाभागाचा तेवढाच काय तो एकोपा. तो कुणावर प्रेम करतो हे मला ठाऊक नाही, विचारायचं कारणही नाही. त्याला हात हलवता यावेत एवढं बघणं माझं काम होतं.

तुमचंही काम तेवढंच. पोर तुमचा चेहरा वाचतं. टीव्हीवर कुणी लाडिक बोलला आणि तुम्ही फिस्सकन हसलात, लग्नात पाव्हण्यांनी 'हा जरा तसलाच वाटतो न्हवं' म्हटलं आणि तुम्ही मान डोलावलीत, की पोरानं मनात नोंद केली. पुढं सांगण्यासारखं काही असलं तरी ते तुम्हाला सांगणार नाही. पाव्हण्यांना "असंल, नसंल, पोरगं आमचं हाय" म्हणून टाका आणि जिलेबी पुढं करा. शाळेत चिडवतात म्हणाला तर "तू नीट चाल की मग" म्हणू नका, वर्गशिक्षकांना भेटा.

आणि खोदून विचारू नका. काही असेल तर त्याच्या वेळेनं, त्याच्या तोंडून येऊ दे. आलं, तर सौंदत्तीला नेऊ नका आणि 'बरं करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडंही नेऊ नका. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच ती आजारांच्या यादीतून काढली, आणि असले 'उपचार' करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय. गुन्हाही नाही, ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून. तुम्हालाच झोप लागेना झाली तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, तिथं कन्नडातही बोलतात आणि मराठीतही.

राहिलं लग्न. 'दोनाचे चार हात केले की सुधारतो' हा सल्ला तुम्हाला घरातल्याच कुणीतरी नक्की देणार. तो ऐकलात तर तुमच्या पोराबरोबर चंदगडकडची नाहीतर गोकाककडची, तुमच्या घरात पाय ठेवण्याआधी यातलं काहीच माहीत नसलेली एक पोरगीही जन्माची अडकेल, आणि वर्षभरात मूल का नाही म्हणून डॉक्टरकडं तिलाच नेलं जाईल.